उत्सवमूर्ती आणि मूळस्थान

जुन्या गोव्याच्या संग्रहालयातील शिल्पे सुरतेत घरबसल्या पाहता येतील असे आमच्या वडिलांस कोणी सांगितले असते, तर त्यांनी ती थट्टाच मानली असती. आज ते घडते आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने 'जतन' नावाची संगणकप्रणाली सिद्ध केली. तिच्या आधारे देशातील निवडक सरकारी संग्रहालयांतील वस्तू एका संकेतस्थळावर आल्या, आणि पुरातत्त्व खात्याचे जुन्या गोव्याचे संग्रहालय त्यांत आहे.

कित्येक जाणते याला नाक मुरडतात. चित्राचे चित्र ते काय पाहावयाचे! आम्हांसही वकिलीने नकलेकडे संशयाने पाहण्याची सवय लाविली आहे; मूळ दस्तऐवज हजर करता येत असता न्यायालय सहसा नकलेवर समाधान मानीत नाही. परंतु देवळाच्या छायेत वाढलेल्यांस दुसराही दाखला ठाऊक आहे. मूळ मूर्ती गर्भागार सोडीत नाही. उत्सवमूर्ती पालखीत बसून गावभर हिंडते आणि ज्यांना पायरी चढवत नाही त्यांच्या दारी देव नेते. तिला कोणी नक्कल म्हणत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाने २०१५ साली बसगाडीत प्रदर्शन मांडून ती शाळाशाळांतून फिरविण्यास आरंभ केला, ती आमच्या मते पालखीच होय.

आमच्या सुरतेचे संग्रहालय १८९० चे, मूळचे 'विंचेस्टर म्युझियम'. पुढे त्यास सरदार पटेलांचे नाव मिळाले, आणि आता ते महानगरपालिकेच्या विज्ञान केंद्रात तारांगणाच्या शेजारी नांदते. पुष्कळ लोक येतात ते तारे पाहावयास, आणि मग पावले जुन्या वस्तूंकडे वळतात. यात कमीपणा कसला? जत्रेत पाळण्यासाठी आलेले पोरही देवाला हात जोडूनच परतते.

एक उणीव मात्र आम्हांस बोचते. पडद्यावरचा वीरगळ वीतभर की पुरुषभर, हे डोळ्यांना समजत नाही. आणि तो कोणत्या गावच्या वेशीवर उभा होता, त्याला तेल कोण वाहत असे, हे छायाचित्र कधीच सांगत नाही. ते सांगू शकणारी वृद्ध माणसे गोव्याच्या खेड्यांतून अद्याप आहेत, पण फार दिवस नसतील. त्यांच्या नातवंडांच्या हाती आज फोन आहे. तो पडदा एकदा आजीपुढे धरावा, आणि ती आपल्या कोंकणीत जे बोलेल ते लिहून संग्रहालयाकडे धाडावे.