उजेडाने पाणी तपासताना

▪ पाण्यातल्या शिशाला रंग नाही, वास नाही. पाणी उकळून ते जात नाही. पाणी आटेल तसं त्याचं प्रमाण वाढतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिसं १० मायक्रोग्रॅम, कॅडमियम ३ आणि पारा १ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावा. इतकं बारीक मोजणारी यंत्रं महागडी, मोठ्या प्रयोगशाळांत बसवलेली. अहवाल येईपर्यंत लोक तेच पाणी पितात.

▪ मिनामाता, जपान. १९५६ मध्ये आजाराची अधिकृत नोंद झाली. चिसो कंपनीच्या सांडपाण्यातला पारा माशांमार्फत माणसांत गेल्याचं सरकारने मान्य केलं ते १९६८ मध्ये. आधी माणसं आजारी पडली, मग कारण सापडलं. हा क्रम उलटायला हवा.

▪ त्यासाठी चमकणारे पदार्थ कामी येऊ शकतात. अतिनील किरणांखाली युरोपियम या धातूची संयुगं लाल चमकतात, टर्बियमची हिरवी. पण या धातूंचे आयन स्वतः प्रकाश फारच कमी शोषतात. १९४२ मध्ये सॅम्युअल वाइसमन यांनी दाखवलं, की युरोपियमला जोडलेला सेंद्रिय रेणू किरण शोषून ती ऊर्जा त्याला देतो. असे आयन आणि सेंद्रिय दुवे एकाआड एक गुंफले की को-ऑर्डिनेशन पॉलिमर तयार होतो.

▪ पाण्यातून शिशासारखा जड धातू आला की ऊर्जेचा हा व्यवहार बिघडतो. तो दुव्याला चिकटून ऊर्जेची वाट अडवतो, नाहीतर अख्खी जाळीच मोडतो. चमक मंदावते, आणि ती किती मंदावली यावरून प्रमाण कळतं.

▪ मोठा फायदा वेळेचा. नदीच्या पाण्यातल्या सेंद्रिय घाणीची चमक नॅनोसेकंदांत विझते, युरोपियमची मिलिसेकंदभर टिकते. किंचित थांबून मोजलं की घाणीचा उजेड वगळला जातो.

▪ खरी अडचण लोहाची. फेरिक आयन अतिनील किरण स्वतःच गिळतो, त्यामुळे शिसं नसतानाही चमक कमी होते. बोअरच्या पाण्यात लोह तर नेहमीचंच. म्हणून विषारी धातू भेटल्यावर उजळणारा पदार्थ, किंवा दोन रंगांचं गुणोत्तर दाखवणारा पदार्थ, नुसत्या विझणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा.

▪ एक हिशेब. एक मायक्रोमोलर शिसं म्हणजे लिटरमागे सुमारे २०७ मायक्रोग्रॅम, मर्यादेच्या वीसपट. पाऱ्याचं तर दोनशेपट. म्हणून ‘हा पदार्थ मायक्रोमोलरपर्यंत ओळखतो’ एवढ्या दाव्यावर पिण्याच्या पाण्याचं काम भागत नाही.

▪ या विषयात काम करणाऱ्या तरुण संशोधकांना विनंती: शुद्ध पाण्यातल्या आलेखावर थांबू नका. विहिरीचं, बोअरचं, नदीचं पाणी घ्या, निकाल लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये लिहा आणि शेजारी मानकाचा आकडा द्या.