कालवडीचीं शिंगें

गाईचीं शिंगें हें तिचें भूषण कीं शस्त्र, असें कोणी केवळ वादासाठीं विचारलें असतें, तर आम्हीं तें हसण्यावारी नेलें असतें. परंतु गेल्या वर्षीं आमच्या संकरित गाईस कालवड झाली, आणि हाच वाद आमच्या माजघरांत येऊन बसला.

आमचें कोल्हापूर शिंगांवर जीव टाकणारें गांव. दिवाळीच्या पाडव्यास गवळी बंधु आपल्या पंढरपुरी म्हशी नटवून मिरवीत आणतात, तेव्हां त्यांचीं खांद्यापर्यंत गेलेलीं, रंगविलेलीं शिंगें पाहावयास सारें शहर लोटतें. बेंदरास खिलारी बैलांच्या शिंगांना रंग लागतो, शेंब्या चढतात. अशा गांवीं कालवडीचीं शिंगें उगवण्यापूर्वींच मारावयाचीं, हें आमच्या थोरल्या काकूंना रुचलें नाहीं, यांत नवल तें काय? “मुक्या जिवाच्या कपाळीं डाग द्यायचा, आणि तोही आपल्या दारांत?” असें त्या म्हणाल्या.

धाकट्या बंधूंचें म्हणणेंही खोटें नव्हतें. गाई दावणीस खांद्याला खांदा लावून उभ्या राहतात. माशी हाकलण्यासाठीं एकीनें मान झटकली, तरी दुसरीच्या कासेस जखम होते. आमच्या वहिनींचा दंड असाच एकदां धार काढतांना फाटला होता. गाईच्या मनांत कांहीं नव्हतें. पण टांके सात पडले.

अखेर पशुवैद्यांस पाचारण केलें. त्यांनीं सांगितलें तें असें: प्रारंभीं शिंगाची कळी केवळ कातडींत असते, सुमारें दोन महिन्यांनीं ती कवटीस जडते, आणि मग शिंग काढणें ही मोठी शस्त्रक्रिया होते. म्हणून पहिल्या आठवड्यांतच कळीवरील केस कातरून, सभोंवार व्हॅसलीनचें कडें करून, मधोमध कॉस्टिक सोडा व चुना यांच्या मलमाचा पातळ थर हातमोजे घालून द्यावयाचा. शिंग घडविणाऱ्या पेशी त्यानें जळून जातात. मलम पावसानें ओघळलें तर वासराचा डोळा जाण्याचें भय; गाईनें चाटलें तर तिची जीभ पोळते. यास्तव कांहीं तास मायलेंकींस वेगळें ठेवणें प्राप्त.

काकूंनीं एकच विचारलें, “दुखेल का?” वैद्य म्हणाले, “दुखेल, आणि बराच वेळ दुखेल. तापल्या लोखंडासारखा चटका दिसत नाहीं, इतकेंच.” १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें विहित रीतीनें शिंगें काढण्यास मुभा दिली आहे, परंतु मुभा मिळाली म्हणून वेदना कमी होत नाहीं. तेव्हां काकूंनीं अट घातली, कीं आधीं बधिरतेची सुई आणि मागाहून वेदनाशामक औषध, तरच मलम. तसेंच झालें. त्या दिवशीं दुपारचें जेवण टाळून त्या स्वतः कालवडीजवळ बसल्या, आणि तिला डोकें घासूं दिलें नाहीं.

परदेशांत जन्मतः भुंडी प्रजा देणारे वळू निवडून वाढवितात. तो गुण प्रबळ असल्यानें मातापित्यांपैकीं एकाकडून आला तरी पुरतो. असें बीज आमच्याकडे घरोघर मिळूं लागेल, तर या मलमाची गरजच उरणार नाहीं. तोंवर ज्यांना गोठ्यांत निर्भयपणें वावरावयाचें आहे, त्यांनीं त्या सुईचे पैसे वांचवूं नयेत, आणि त्या दुपारीं वासरास एकटें सोडूं नये, एवढीच आमची गृहस्थांस विनंति आहे.