बिऱ्हाडकरू संघ

घर आणि बिऱ्हाड यांत फरक आहे. घर बांधावे लागते; बिऱ्हाड नुसते थाटले की झाले. आमचा पिंपरी-चिंचवडचा परिसर हा बिऱ्हाडांचा मुलूख. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना निघाला, मागोमाग स्कूटरींचे आणि मोटारींचे कारखाने आले, पुढे ही रांग चाकणपर्यंत पोहोचली. कुणालाही "गाव कोणते?" म्हणून विचारा, चिंचवड हे उत्तर क्वचितच ऐकू येईल. अशा मुलखाच्या वाट्याला आयपीएलमधला एक संघ आला, तोही बिऱ्हाडकरूच!

चेन्नई आणि राजस्थान हे संघ दोन वर्षांसाठी निलंबित झाले, तेव्हा त्यांच्या बदली जी भरती झाली तीत 'रायझिंग पुणे सुपरजायंट्स' होता. मैदान द्रुतगती मार्गाच्या कडेला, गहुंज्याला. पहिल्याच वर्षी, २०१६ साली, दुष्काळामुळे सामने राज्याबाहेर हलवावे लागले आणि आमचा हा संघ आपले 'घरचे' सामने खेळायला विशाखापट्टणमला गेला. आठ संघांत सातवा आला.

दुसऱ्या वर्षी मालकांनी धोनीच्या जागी स्मिथला कर्णधार केले आणि 'सुपरजायंट्स'चे 'सुपरजायंट' केले. अनेकवचनाचे एकवचन केल्याने दैव पालटते, असे कोणत्याही व्याकरणात मी वाचलेले नाही. पण पालटले खरे. साडेचौदा कोटींच्या स्टोक्सने गहुंज्याला तीन बाद १० अशा दैनेतून नाबाद शतक ठोकून सामना जिंकून दिला. त्यात नवल नाही; मोल मोजले होते. नवल त्रिपाठीचे. दहा लाखांना घेतलेल्या, महाराष्ट्राकडून खेळणाऱ्या या पोराने कोलकात्यात ९३ धावा फटकावल्या. उनाडकटने हैदराबादला शेवटच्या षटकात एकही धाव न देता लागोपाठ तीन बळी घेतले. आणि मुंबईच्या बाद फेरीत सतरा वर्षांच्या वॉशिंग्टन सुंदरने १६ धावांत तिघांना घरी पाठवले. त्या मोसमात मुंबईला आम्ही तीनदा हरवले होते.

आमच्या शेजारी चाकणला कंत्राटावर काम करणारा बीडकडचा एक तरुण राहत असे. रात्रपाळी नसली की तो सामना पाहायला आमच्याकडे येई. एकदा मी त्याला म्हटले, "अरे, या संघाचे आयुष्य उणेपुरे महिनाभर उरले आहे. एवढा जीव कशाला टाकतोस?"

तो हसून म्हणाला, "काका, माझंही सप्टेंबरात संपतंय. पण तोवर मशीन माझंच ना?"

मला पुढे बोलवेना.

२१ मे २०१७. हैदराबादला अंतिम सामना. प्रतिस्पर्धी पुन्हा मुंबईच. सात बाद ७९ वरून त्यांनी कशाबशा १२९ धावा केल्या. शेवटच्या षटकात आम्हाला ११ हव्या होत्या. पहिल्याच चेंडूवर तिवारीचा चौकार. पुढच्या दोन चेंडूंवर तिवारी आणि स्मिथ दोघेही बाद! अखेरच्या चेंडूवर चार हव्या होत्या. दोन पळाले, तिसरीला धावबाद. एका धावेने गेले. आमच्या खोलीत बराच वेळ कुणी बोलले नाही. मग तो उठला, डबा घेतला आणि सकाळच्या पाळीसाठी लवकर झोपायला गेला.

संघ विसर्जित झाला. गंमत पुढेच आहे. २०१८ साली निलंबन संपून चेन्नई परतली. पण कावेरीच्या आंदोलनामुळे तिला घरी खेळता येईना. तिने बिऱ्हाड कुठे थाटले म्हणता? गहुंज्याला! प्रेक्षक चेन्नईहून खास आगगाडीने आले. धोनी पुन्हा त्याच मैदानावर, पण पिवळ्या कपड्यांत. त्या वर्षीचा करंडकही चेन्नईनेच नेला.

मालक आणि भाडेकरू यांची अशी अदलाबदल आमच्या मुलखाला नवी नाही. तो तरुण तेव्हा दुसऱ्या कारखान्यात लागला होता, नव्या कंत्राटावर. चेन्नईचा सामना पाहायला तो आला, दोन्ही बाजूंच्या चौकारांना टाळ्या वाजवल्या, आणि जाताना म्हणाला, "खेळ चांगला झाला, काका. पण ती एक धाव निघायला हवी होती."