रोजकोरी

माझ्या वर्गातली एक मुलगी उन्हात डोळे मिटून घ्यायची. खेळाच्या तासाला मैदानावर यायची नाही. बहाणे करते म्हणून मी दोनदा ओरडले. एकदा फळ्यावर लाल आणि हिरव्या खडूने शब्द लिहिले, तेव्हा कळलं, तिला दोन्ही सारखेच दिसतात. मगरिबच्या सुमारास मात्र आमच्या कबनूरच्या गल्लीत, यंत्रमागांच्या खडखडाटात, ती सगळ्यांबरोबर पळापळी खेळते.

शबकोरी म्हणजे रातांधळेपणा, हे उर्दू वाचणाऱ्याला माहीत असतं. रोजकोरी हा शब्द मी फक्त शब्दकोशात पाहिला होता. डॉक्टरांनी नाव सांगितलं, अ‍ॅक्रोमॅटॉप्सिया. आता ती गडद चष्मा लावते. मी माफी मागितली तेव्हा लाजली.

मग मी वाचत गेले. डोळ्याच्या पडद्यात शंकू पेशी असतात, उजेडासाठी आणि रंगांसाठी. दंड पेशी अंधुक प्रकाशासाठी. दोन्हींच्या आवरणात बारीक दारं असतात, आयन चॅनल. अंधारात ती उघडी असतात, सोडियम-कॅल्शियमचे आयन आत येत राहतात. उजेड पडला की दारं मिटतात, आणि त्या मिटण्याचीच खबर मेंदूकडे जाते. मला हे उलटंच वाटलं होतं! सीएनजीए३ किंवा सीएनजीबी३ या जनुकात दोष असेल तर शंकूंचं दार नीट चालत नाही, रंग जातात, आणि एकट्या दंड पेशी भर उन्हात दिपून जातात. दंड पेशींच्या दाराची जनुकं, सीएनजीए१ किंवा सीएनजीबी१, बिघडली तर आधी रात्रीचं दिसणं जातं, मग बाजूची नजर आक्रसत जाते.

मुलीचे आईवडील चुलत भावंडं. दोषाची एकच प्रत असलेला माणूस ठणठणीत असतो. दोघांकडे तोच दोष असला तर प्रत्येक मुलाला चारात एक धोका. प्रशांत महासागरातल्या पिंगेलॅप बेटावर १७७५च्या सुमारास वादळानंतर वीसेक माणसं उरली. आज तिथे हा आजार घरोघरी ओळखीचा आहे. आपल्याला बेट लागत नाही, ‘घरची मुलगी घरातच’ एवढं पुरतं. शेजारच्या हिंदू घरांतही मामाच्या मुलीवर हक्क सांगतातच. असा निकाह जायज आहे, फर्ज नाही.

माझ्या भावाने त्याच्या मुलासाठी माझी मुलगी मागितली आहे. आणि आमची दादी तरुणपणापासून मगरिबनंतर भिंत धरून चालायची. ‘अ’ जीवनसत्त्व कमी असेल, किंवा ते दार. कुणी तपासलं नाही. मी म्हटलं, आधी दोघांची जनुकीय तपासणी करू.

“आपा, तुमकू अपने खून पे भरोसा नै?” म्हणून त्याने फोन ठेवला.

दोन जुम्मे झाले. मुलगी विचारते, मामू का येईनात.