या हाताचं त्या हाताला

माझी धाकटी बहीण अकरावीत आहे, इथेच इंदूरला. तिचे पैसे खिशात नसतात, फोनमध्ये असतात; तेही पप्पांचे. २०१६ मध्ये यूपीआय आलं, २०२४ मध्ये ‘यूपीआय सर्कल’. त्यात घरातला एकजण आपल्या खात्यातून दुसऱ्याला खर्च करू देतो. पूर्ण मुभा दिली तर महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत. नाहीतर प्रत्येक खर्चाला मंजुरी. आमच्याकडे मंजुरीवालं आहे. हिने छप्पन दुकानवर पोहे-जिलबी घेतली की पप्पांचा फोन वाजतो.

मी शाळेत असताना मम्मी सोमवारी शंभराची नोट द्यायची. उरलेली चिल्लर माझी. त्यातून एखादीच्या झेरॉक्सचे पैसे भरले, तरी घरी पत्ता नसायचा.

परवा बहिणीने मैत्रिणीचं ई-रिक्शाचं भाडं भरलं. मंजुरी देताना पप्पांनी सहज विचारलं, “हे जास्तीचे वीस कुणाचे?” ती गप्प. मैत्रिणीची तंगी घरात सांगायची नव्हती तिला.

हिशेब हवाच, पप्पांचंही चूक नाही. पण या हाताचं दान त्या हाताला कळू नये, हे आपण चर्चमध्येच शिकलो ना? त्यासाठी थोडे बिनहिशेबी पैसे लागतात. मी पप्पांना म्हटलं, तिला महिन्याला दोनशे रुपये रोख द्या, आणि ते कुठे गेले ते विचारू नका.