एक दात

केळझरला नागपूर-वर्धा रस्त्याच्या कडेला, कडुलिंबाखाली बाबांचं गॅरेज आहे. गॅरेज कसलं, चार टिना आणि एक चेन-पुली! बाबा सही करतात ती फक्त पावतीपुस्तकावर. कॉलेजचं तोंड पाहिलेला आमच्या घरातला मीच पहिला. म्हणून सुट्टीत गेलो की ते "हात काळे करू नोको" म्हणतात आणि मी हटकून करतो.

गेल्या उन्हाळ्यात गुरुजींची प्रीमियर पद्मिनी इंजिन बांधायला आली. गुरुजींनी मला चौथीत शिकवलं. "पोराला वाचायची आवड आहे, मिस्त्री, आर्ट्सला घाला," हे बाबांना सांगणारेही तेच. गाडी इटलीच्या फियाटच्या आराखड्यावर मुंबईत कुर्ल्याला बनलेली, नाव चित्तोडच्या राणीचं. ती बनणं थांबून वीस वर्षं उलटली, पण गुरुजींचा जीव तिच्यातच.

आता विज्ञानाच्या मित्रांनी हसू नये, माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. कॅम व्हॉल्व्ह उघडतो. पिस्टन खाली जाताना पेट्रोल-हवेचं मिश्रण आत यायला दार उघडं हवं, वर येऊन ते दाबताना बंद. हा मेळ राखते ती टायमिंग चेन. खालच्या लहान चाकावर एक खूण, वरच्या मोठ्या चाकावर एक. दोन्ही समोरासमोर आणून साखळी चढवायची. वरच्या चाकाचा एक दात जरी सरकला तरी क्रँकच्या हिशेबात चूक दुप्पट होते.

बाबा हेड गॅस्केट आणायला वर्ध्याला निघाले. जाताना म्हणाले, "चेन चढवून ठेव. पण हातानं दोन फेरे फिरवून पाय, मंगच झाकण लाव."

हेड उतरलेलं, कॅम मोकळा. खुणा जुळवल्या, साखळी चढवली. बोल्ट आवळताना वरची खूण किंचित सरकल्यासारखी वाटली. बघण्याचा कोन असेल, असं मी स्वतःला समजावलं. बाबा यायच्या आत काम संपवून दाखवायचं होतं ना! फेरे न फिरवताच झाकण लावलं. बाबांनी विचारलं, तेव्हा "फिरवले" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली, पण गणपतीच्या टेकडीकडच्या चढावर तिचा दम जाई आणि कार्बोरेटर खोकल्यासारखा फटफटे. बाबांनी डिस्ट्रिब्युटर इकडेतिकडे फिरवून पाहिला. मग इंजिन बंद केलं आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. बोलले काहीच नाहीत.

संध्याकाळी गुरुजी आले. "काय चुकलं, मिस्त्री?"

"माह्याच हातून एक दात सरकला, गुरुजी. उद्या घेऊन जा. याची मजुरी नाही."

मी तिथेच पाना पुसत उभा होतो. तोंड उघडलं नाही.

रात्री आम्ही दोघांनी रेडिएटर उतरवला, पुली काढली, झाकण काढलं. खरोखर एकच दात! बाबांनी बॅटरी धरली. साखळी मी चढवली, बोल्ट आवळला आणि क्रँकच्या नटाला पाना लावून फिरवू लागलो. एक फेरा. खालची खूण परत आपल्या जागी, वरची पार उलट्या बाजूला. दुसरा फेरा. दोन्ही खुणा समोरासमोर येऊन थांबल्या.

"आता लाव झाकण," बाबा म्हणाले.

हा अंक छापून आला की एक प्रत गुरुजींना नेऊन द्यायची आहे. बाबांना ते अजून सांगितलेलं नाही.