कुत्रं पीठ खात नाही

यांच्या मते पिल्लानं सकाळी दोन घास खाल्ले. माझ्या मते नुसते चाटले. चाटणं हे खाण्यात धरायचं की नाही यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही, आणि वहीत नोंद तर करायचीच असते. वही यांची. भिलाईच्या ब्लास्ट फर्नेसवर उभी नोकरी काढलेल्या माणसाला लॉगबुक भरल्याशिवाय चैन पडत नाही. रकाने तीन: खाणं, शी-शू आणि हालचाल. तिसऱ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘झोपले आहे’ असं लिहिलेलं असतं. कुठे कुठे ‘झोपले आहे (डोळे उघडे)’. ही कंसातली नोंद मला नको वाटते.

पिल्लं झोपतातच म्हणे, दिवसाचे अठरा-वीस तास. तरी दाखवायला नेलं. डॉक्टरबाईंनी त्याचा ओठ उचलून हिरडी बोटानं दाबली. पांढरी पडलेली जागा बोट काढल्याबरोबर गुलाबी झाली. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तीही लगेच जागेवर बसली. ताप 101.5. आपल्याला एवढा असता तर घोंगडी घेऊन पडलो असतो. कुत्र्याला हा नॉर्मल. उलटी? नाही. जुलाब? नाही. रक्त? नाही. जंताचं औषध? दिलं. ‘मग बघू या दोन दिवस,’ असं त्या हिंदीत म्हणाल्या आणि आम्ही रिसालीला घरी आलो. तेव्हापासून आम्ही बघतोच आहोत.

कारणं शोधायला गेलं तर पैशाला पासरी. नवतपा चालू आहे; कूलरसमोर बसूनही माणसाला भाकरीचा तुकडा गिळवत नाही, तिथे त्या अंगभर केस घेऊन आलेल्या जिवाला काय जाणार. घर नवीन आहे. आई सुटली, भावंडं सुटली. लस टोचल्यावर एखादा दिवस सुस्ती असते. कामाला येणाऱ्या बाई तर दारातूनच निकाल देऊन मोकळ्या झाल्या: ‘नवा घर आय दीदी, दू-चार दिन म खाए लगही.’ आणि शेजारणीनं मीठ-मोहऱ्या ओवाळायला सांगितल्या, त्याही मी ओवाळल्या. यांनी ती नोंद वहीत घेतली नाही.

यांचं निदान वेगळंच आहे. ‘हँगिंग आहे,’ म्हणतात. फर्नेसमध्ये वरून लोहखनिज, सिंटर, कोक पडत राहतो आणि तो सगळा माल जळत-वितळत हळूहळू खाली सरकत यायला हवा. कधी तो मधेच अडकतो. खालून वारा चालू, वर माल तयार, आणि पोटात काही उतरत नाही. नवशिका अशा वेळी घाबरून वारा वाढवायला जातो. जाणता माणूस वारा कमी करतो. खालचा रेटा हटला की माल आपल्याच वजनानं सुटतो. म्हणून वाटी घेऊन त्याच्या मागे फिरू नकोस, हा मला आदेश. आता मी विचारलं, नाही सुटला तर? यांनी वही उघडली आणि तारीख घातली.

आमच्या घरात मांसाहाराची मजल अंड्यापर्यंत होती. सध्या फ्रिजच्या दुसऱ्या कप्प्यात उकडलेल्या चिकनचं पाणी आहे, बिनकांद्याचं, बिनमिठाचं, कारण कांदा कुत्र्याला बाधतो. मऊ भात, त्यावर हे पाणी. तो वाटीशी येतो, नाक बुडवतो, मग माझ्याकडे बघतो. पाहुण्यानं यजमानीण दुखावू नये म्हणून पानात बोट फिरवावं, तसं काहीतरी करतो आणि फरशीवर जाऊन पसरतो.

तर परवा कणीक मळताना परातीतून थोडं पीठ खाली सांडलं. तो उठला, आला, पिठाला नाक लावलं, शिंकला आणि परत गेला. मिशांना पीठ. मला हसू आलं आणि लगोलग म्हण आठवली, आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. ती काही माझ्या प्रश्नाची म्हण नव्हे. अग्रलेखवाल्यांची आहे, सरकारी तिजोरीला गळती लागली की ती बाहेर काढायची असा रिवाज आहे. पण त्या म्हणीतलं कुत्रं निदान खातं तरी!

आर्वीकडच्या आजोळी मी जात्यावर बसलेली आहे. खुंटा धरून ओढणारी आजी, समोरून रेटा देणारी मी, म्हणजे रेटा दिल्यासारखं करणारी. वरच्या पाळीच्या तोंडात मूठभर ज्वारी टाकायची की गोल कडेनं पीठ पडत जातं, सगळीकडे सारखं. आता यात कुत्र्यानं पीठ खायचं तर तोंड फिरत्या दगडाच्या अगदी जवळ न्यायला हवं. दळणारी आंधळी असली तरी तिचे हात आंधळे नसतात. दळण संपल्यावर ती कुंच्यानं पीठ गोळा करते, सुपात भरते. पायलीचं पीठ किती व्हायला हवं हे तिच्या हाताला जन्मभर ठाऊक. कमी पडलं तर तिला कळणारच. मग म्हण काय सांगते? तिला कळत नाही हे, की कळूनही ती दळतच राहते हे? घरघरीत चाटण्याचा आवाज बुडून जात असेल, मान्य. पण रोज? मला तर अलीकडे वाटायला लागलंय की तिला सगळं माहीत होतं. पहाटेच्या अंधारात एकटीनं दळायचं, त्यापेक्षा शेजारी कुणीतरी श्वास घेत बसलेलं बरं. त्याचं मोल म्हणून दोन चिमटी पीठ. याला पुरावा नाही. म्हण बनवणाऱ्यानं हे ऐकलं असतं तर मलाच आंधळी म्हटलं असतं.

आणि दुसरं, कोरडं पीठ चाटायला येणारं कुत्रं माजलेलं कसं असेल? अग्रलेखाशेजारच्या व्यंगचित्रात ते नेहमी गुटगुटीत असतं. ज्याला भाकर मिळते ते पिठाकडे ढुंकून बघत नाही. आजोळचा कुत्रा चुलीजवळ भाकरीची वाट बघायचा, जात्याजवळ कधी दिसला नाही. म्हणजे म्हणीतलं कुत्रं उपाशी होतं. उपाशी असूनही चोर ठरलं.

हे एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण 2013 साली ‘नेचर’मध्ये स्वीडनच्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता, त्याची माहिती भाच्यानं फोनवर पाठवली. लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना करून त्यांनी पाहिलं, तर पिष्ट पचवणारं अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती आणि कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणूस शेती करायला लागला, त्याच्या उकिरड्यावर धान्याचं उष्टं पडायला लागलं, ते ज्यांना पचलं ते त्याच्या जवळ राहिले, असा त्यांचा अंदाज. म्हणजे आमचं अन्न पचवता पचवता लांडग्याचं कुत्रं झालं. मग पीठ खाणं ही चोरी कशी, ती तर सोयरीक. असं म्हटलं की मला फार बरं वाटतं, आणि पुढच्याच क्षणी वाईट, कारण हा माझा पाहुणा पिठावर शिंकून निघून गेला. (कच्चं पीठ कुत्र्याला द्यायचंच नसतं, हे डॉक्टरबाईंनी बजावलंय. त्याला ते आधीच माहीत असावं.)

एक शब्द आहे जो आमच्या घरात सध्या कुणी उच्चारत नाही. पार्व्हो. कुत्र्यांचा हा विषाणू जगाला कळला तो 1978 च्या सुमारास. वर्ष-दोन वर्षांत खंडोखंडी पसरला. हे प्लांटला लागले ते त्याच सुमारास. म्हणजे रोग आमच्या संसारापेक्षा फार मोठा नाही. आजीच्या कुठल्याच म्हणीत, कुठल्याच काढ्यात तो नाही, कारण तिच्या हयातीत तो तिच्या गावापर्यंत आलेलाच नव्हता. पिल्लाला आईच्या दुधातून थोडं संरक्षण मिळतं, आणि हेच संरक्षण लशीला रुजू देत नाही. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सोळाव्या आठवड्यापर्यंत पुन्हा पुन्हा टोचायचं. आईचं ओसरलेलं आणि लशीचं अजून न आलेलं, असा मधे एक काळ जातो. तेव्हा त्याच्याजवळ दोन्ही नसतं. तो काळ कधी येतो हे बाहेरून दिसत नाही. विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, साध्या फिनेलला दाद देत नाही, ब्लीचिंगनं मरतो. आणि सुरुवात कशी होते? सुस्ती. खाणं नको.

घरी इतका वेळ बघत बसलं की मन भलतीकडे जातं. माझं खपरीला गेलं. बालोदजवळचं हे गाव; 2012 पर्यंत आमच्याच दुर्ग जिल्ह्यात होतं. तिथे कुकुरदेवाचं देऊळ आहे, म्हणजे चक्क कुत्र्याचं. गाभाऱ्यात शिवलिंग आणि जोडीला कुत्र्याची मूर्ती. नागवंशी राजांच्या काळात, चौदाव्या-पंधराव्या शतकात बांधलं असं सांगतात. कुत्रं चावलेली माणसं तिथे पाया पडायला येतात. आधी इंजेक्शन, मग नारळ, हे मी तिथेही एकीला सांगून आले होते. तिनं माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

गोष्ट अशी सांगतात. एका बंजाऱ्यावर कर्ज काढायची वेळ आली. जवळ काही नव्हतं म्हणून त्यानं आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. एका रात्री सावकाराकडे चोरी झाली. कुत्र्यानं चोरांनी माल दडवलेली जागा पाहून ठेवली आणि सकाळी सावकाराला धोतर धरून तिथे नेलं. सावकार खूश. त्यानं कर्ज फिटल्याची चिठ्ठी लिहून कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला सोडून दिलं. बंजाऱ्यानं लांबून त्याला येताना पाहिलं, वाटलं हा पळून आला, माझा शब्द गेला. काठी घातली डोक्यात. मग चिठ्ठी दिसली.

ऐकणारे सगळे त्या चिठ्ठीपाशी हळहळतात. मला आता वाटतं ते मधल्या दिवसांचं. सावकाराच्या ओसरीवर बांधलेला तो कुत्रा पहिले काही दिवस जेवला असेल का? गहाण म्हणजे काय हे त्याला कोण सांगणार. धनी गेला, दार परकं, वाटी परकी. सावकारानं वही ठेवली असेल ती व्याजाची, कुत्र्याच्या घासांची नव्हे. आमच्याकडचा हाही स्वतःला गहाण पडलेला समजत असेल. कुणीतरी सोडवायला येईल म्हणून दाराकडे तोंड करून झोपतो. किंवा दाराखालून जरा गार वारा येतो म्हणून. मी काय काय लावत बसलेय त्याच्या झोपेला.

पण गोष्टीचं एक मात्र खटकतं, आणि ते खपरीपुरतं नाही. जुन्या गोष्टीतल्या ब्राह्मणीनं मुंगूस मारलं ते त्याच्या तोंडाला रक्त पाहून. बाळ सुखरूप होतं, मेला होता तो साप. तिकडे वेल्समध्ये बेडगेलर्ट गावी गेलर्ट नावाच्या शिकारी कुत्र्याची अशीच समाधी दाखवतात; तिथे सापाऐवजी लांडगा. जगभर आयाबायांनी पोरांना हीच गोष्ट सांगितली: घाई करू नको, आधी नीट बघ. थांबला आणि थांबल्यामुळे जीव गेला, अशा माणसाचं देऊळ कुठे आहे? त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. तिच्यात काठी नाही, चिठ्ठी नाही, नुसता एक माणूस बघत बसलेला. पार्व्हो मात्र नेमका अशांनाच गाठतो. उलट्या-जुलाब सुरू झाले की शरीरातलं पाणी जातं आणि मग दोन दिवससुद्धा फार होतात. गोष्टी म्हणतात थांब, रोग म्हणतो थांबू नकोस, हे म्हणतात वारा कमी कर. सगळे अनुभवी.

लशीचं कार्ड फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावलंय. एका डोसचं स्टिकर, तारीख, पुढची तारीख. जाता-येता मी ते वाचते. रेशनकार्डसुद्धा इतक्या वेळा वाचलं नसेल. त्यात त्याच्या आईबद्दल काही नाही, तिला लस मिळाली होती की नाही तेही नाही, आणि खरं तर तेवढंच मला हवं आहे. माणसानं माणसासाठी लिहिलेली चिठ्ठी. बंजाऱ्याच्या कुत्र्यालाही स्वतःच्या गळ्यातलं वाचता आलं नसणार.

त्याचं नाव अजून ठेवलेलं नाही, ‘पिल्लू’वर भागतंय. हे म्हणतात नावानं हाक मारली तर जेवेल. मी म्हणते आधी जेवू दे. उद्या डॉक्टरबाईंकडे जायचं आहे. मला आज रात्रीच फोन करावासा वाटतोय. यांचं म्हणणं, हिरडी गुलाबी आहे, शेपूट हलवली, उगाच कशाला. काल रात्री हेच फोन लावायला निघाले होते आणि मी हातातून फोन काढून घेतला होता.